जर्सी, लेख आणि मोडलेला करार: ओलेगेर प्रेसास याचे प्रकरण

प्रकरणाविषयी

ओलेगेर प्रेसास या कॅटलान, म्हणजे स्पेनमधील कॅटलोनिया या स्वतःची भाषा असलेल्या प्रदेशातील, फुटबॉल बचावपटूच्या कारकिर्दीतील दोन निर्णयांचा हा अभ्यास आहे. पहिला निर्णय त्याने 2005 च्या अखेरीस, स्पेनच्या राष्ट्रीय संघाचे दार समोर उघडे असताना घेतला. दुसरा घेतला फेब्रुवारी 2007 मध्ये, वृत्तपत्रातील एका लेखाच्या रूपाने. खेळाडू, त्याचे क्लब आणि प्रशिक्षक यांची नावे सर्वश्रुत असल्यामुळे ती तशीच ठेवली आहेत. मात्र करार मोडणारी कंपनी आणि त्याच्यावर जाहीरपणे तुटून पडलेला प्रतिस्पर्धी खेळाडू यांची नावे गाळली आहेत, कारण या अभ्यासाचा रोख त्यांच्यावर नाही. खेळाडूने राजकारणावर बोलावे की नाही, या नेहमीच्या वादात मला शिरायचे नाही. बोलायचे ठरल्यावर ते कुठे, कोणासमोर, कोणत्या वेळी आणि कोणते उदाहरण हाती घेऊन बोलले जाते, याने परिणाम किती बदलतो हे या दोन निर्णयांत फार स्वच्छ दिसते, आणि म्हणूनच ते शेजारी शेजारी ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

ओलेगेरचा जन्म 2 फेब्रुवारी 1980 रोजी बार्सिलोनाच्या उत्तरेला असलेल्या साबादेल या कापडगिरण्यांच्या जुन्या शहरात झाला. त्याच्या आठ दिवस आधी, साबादेलला लागूनच असलेल्या तेरासा या शहरात शावी एर्नांदेस जन्मला होता. पुढे हे दोघे एकाच संघातून खेळले, एकाच दिवशी युरोपचे विजेते झाले, आणि तरीही राष्ट्रीय जर्सीच्या प्रश्नावर त्यांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या झाल्या. एकाच भागात, एकाच भाषेत आणि एकाच पिढीत वाढलेली माणसे एकाच प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरे देऊ शकतात, हे हे प्रकरण वाचताना सतत लक्षात ठेवावे लागते.

शावी लहानपणापासून बार्सिलोना क्लबच्या प्रबोधिनीत घडला. ओलेगेर मात्र त्या वाटेने आला नाही. सांता कोलोमा दे ग्रामेनेत या उपनगरातील ग्रामेनेत या लहान क्लबकडून खेळून 2001 मध्ये तो बार्सिलोनाच्या दुय्यम संघात आला आणि तेथून मुख्य संघात पोहोचला. त्याबरोबरच त्याने बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षणही घेतले. व्यावसायिक फुटबॉलपटू होण्याआधीच त्याचे एक पूर्ण आयुष्य होते: मित्र, विद्यापीठ, साबादेलमधील डावे आणि कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याची मागणी करणारे वर्तुळ. प्रसिद्धी आली म्हणून त्याने ते आयुष्य बाजूला ठेवले नाही, आणि पुढच्या साऱ्या घटनांचे मूळ मला यातच दिसते. 2006 मध्ये त्याने एका कवी असलेल्या बालमित्राबरोबर पुस्तकही लिहिले.

मैदानावर तो दिपवणारा खेळाडू नव्हता. मधल्या बचावात आणि उजव्या बगलेवर, दोन्हीकडे उभा राहू शकणारा, जागा न सोडणारा आणि प्रशिक्षकाला रात्री झोप लागू देणारा असा तो बचावपटू होता. फ्रँक रायकार्ड यांच्या संघाने 2005 मध्ये सहा वर्षांनंतर लीग जिंकली, 2006 मध्ये ती राखली, त्या दोन्ही संघांत तो होता. 19 नोव्हेंबर 2005 रोजी माद्रिदच्या बेर्नाबेउ मैदानावर बार्सिलोनाने रेआल माद्रिदला 3-0 ने हरवले आणि रोनाल्दिन्योसाठी माद्रिदचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, त्या सामन्यातही उजव्या बाजूला ओलेगेर होता.

17 मे 2006 रोजी पॅरिसजवळच्या साँ-देनी येथे आर्सेनलविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. अठराव्या मिनिटाला आर्सेनलचा गोलरक्षक लेमान लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तरीही दहा खेळाडूंच्या आर्सेनलने पहिला गोल केला. 71 व्या मिनिटाला रायकार्ड यांनी ओलेगेरला बाहेर बोलावून बेलेत्तीला आत पाठवले. पाच मिनिटांनी एतोने बरोबरी साधली आणि आणखी चार-पाच मिनिटांत त्याच बेलेत्तीने विजयी गोल केला. ओलेगेर तेव्हा बाकावर होता. चौदा वर्षांनी आलेल्या त्या चषकावर त्याचाही हक्क आहेच. पण त्या रात्रीच्या छायाचित्रांत बहुधा त्याच्या जागी आलेला माणूसच दिसतो.

आता राजकीय पार्श्वभूमी. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, म्हणजे 1939 ते 1975 या काळात, कॅटलान भाषा सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाली होती. बार्सिलोना क्लबचे अध्यक्ष जुझेप सुन्योल यांना यादवी युद्धात 1936 साली फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या होत्या. त्यामुळे या क्लबचा राजकारणाशी संबंध नाही असे म्हणणे इतिहासाला धरून होत नाही. ‘क्लबहून अधिक काही’ हे त्याचे ब्रीद या अनुभवातूनच आले. लोकशाहीत कॅटलोनियाला स्वायत्तता मिळाली. पॅरिसच्या विजयानंतर जेमतेम महिन्याने, 18 जून 2006 रोजी, नव्या स्वायत्तता कायद्यावर तेथे सार्वमतही झाले. कॅटलोनियाचा स्वतःचा फुटबॉल संघ आहे आणि ओलेगेर त्यातून खेळला; पण फिफा (जागतिक) किंवा युएफा (युरोपीय) या फुटबॉल महासंघांची मान्यता नसल्याने तो संघ मैत्रीपूर्ण सामन्यांपलीकडे जाऊ शकत नाही. ज्या कॅटलान खेळाडूला विश्वचषक खेळायचा आहे, त्याला स्पेनची जर्सी घालण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

पहिला पेच: राष्ट्रीय संघाचे बोलावणे

2006 च्या विश्वचषकाची तयारी सुरू असताना स्पेनचे प्रशिक्षक लुईस अरागोनेस यांनी संभाव्य खेळाडूंना माद्रिदजवळच्या शिबिरात बोलावले, आणि त्यात ओलेगेरचा समावेश होता. युरोपातील त्या वेळच्या सर्वोत्तम संघात नियमित खेळणारा बचावपटू म्हणून हे बोलावणे योग्यच होते.

त्याच्यापुढे चार वाटा होत्या. पहिली, मनातले मनात ठेवून खेळणे. कारकिर्दीच्या हिशेबाने हीच फायद्याची होती. दुसरी, दुखापतीचे निमित्त पुढे करणे. फुटबॉलमध्ये ही पळवाट नवी नाही, आणि ती कोणी फारशी तपासतही नाही. तिसरी, अधिकृत निवड होऊ द्यायची आणि मग जाहीरपणे नकार द्यायचा. चौथी, निवड होण्याआधीच प्रशिक्षकाला खरे काय ते सांगणे.

तिसऱ्या वाटेवर एक खड्डा होता, आणि बाहेरच्या वाचकाच्या तो सहसा लक्षात येत नाही. स्पेनच्या 1990 च्या क्रीडा कायद्यानुसार राष्ट्रीय संघाचे बोलावणे आल्यावर हजर राहणे हे नोंदणीकृत खेळाडूवर बंधनकारक होते, आणि योग्य कारणाशिवाय गैरहजर राहणे हा अतिशय गंभीर शिस्तभंग मानला जात असे. म्हणजे नकार देणाऱ्याला परवान्यावर गदा येण्याचा, पर्यायाने क्लबच्या सामन्यांनाही मुकण्याचा धोका होता. निवडीपूर्वी बोलण्याने हा कायदेशीर प्रसंग उभाच राहत नव्हता. ओलेगेरने हा हिशेब केला होता की नाही, यावर मी तर्क लढवणार नाही. परिणाम मात्र तसा झाला.

त्याने चौथी वाट घेतली. शिबिराला तो गेला, अरागोनेस यांच्याशी समोरासमोर बोलला आणि त्या संघासाठी खेळताना जी आंतरिक बांधिलकी हवी ती आपल्यात नाही, अशा आशयाचे म्हणणे त्याने मांडले. अरागोनेस यांनी नंतर त्याची निवड केली नाही. ओलेगेर स्पेनकडून एकही सामना खेळला नाही.

बातमी फुटल्यावर टीका झाली, पण ती पेलण्यासारखी होती, आणि याची कारणे तपासण्यासारखी आहेत. त्याने ज्या गोष्टीबद्दल मत दिले ती सर्वस्वी त्याची स्वतःची होती: स्वतःची जर्सी, स्वतःची निष्ठा. ज्याला निर्णय घ्यायचा होता त्याच माणसाला त्याने सांगितले, वर्तमानपत्राला नव्हे. त्याने सहकाऱ्यांपैकी कोणाला दोष दिला नाही. शावी आणि पुयोल हे त्याचे कॅटलान सहकारी स्पेनकडून खेळत राहिले आणि त्यांच्याशी असलेले त्याचे नाते ड्रेसिंग रूममध्ये अडचणीचे ठरले नाही. शिवाय किंमत त्यानेच मोजली, आणि ती काय होती हे सर्वांना दिसत होते. विश्वचषकावर पाणी सोडणाऱ्याला कोणी ढोंगी म्हणू शकत नाही. त्याचा राजकीय विचार मान्य नसणाऱ्यानेही हे मान्य करावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा पेच: फेब्रुवारी 2007 चा लेख

यानंतर सव्वा वर्षाने ओलेगेरचा एक लेख बेर्रिया या बास्क भाषेतील दैनिकात प्रसिद्ध झाला; तो कॅटलान साप्ताहिक ला दिरेक्ता यातही आला. स्पेनमधील न्यायव्यवस्था आणि कायद्याचे राज्य सर्वांना एकाच मापाने मोजते का, हा त्याचा प्रश्न होता. उदाहरण होते इन्याकी दे हुआना चाओस याचे.

हे नाव स्पॅनिश वाचकाला काय वाटते हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. दे हुआना हा एटा या, उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा सदस्य, पंचवीस माणसांच्या हत्यांबद्दल दोषी ठरलेला. त्याला झालेल्या शिक्षांची बेरीज तीन हजार वर्षांवर जात होती. पण जुन्या दंडसंहितेनुसार प्रत्यक्ष कारावासाला तीस वर्षांची मर्यादा होती आणि सवलती धरून तो अठरा वर्षांच्या आसपास सुटणार होता. त्याच वेळी त्याने लिहिलेल्या दोन वृत्तपत्रीय लेखांवरून त्याच्यावर नवा खटला भरला गेला आणि नोव्हेंबर 2006 मध्ये त्याला बारा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. त्याविरुद्ध त्याने उपोषण सुरू केले. सर्वोच्च न्यायालयाने 12 फेब्रुवारी 2007 रोजी ती शिक्षा तीन वर्षांवर आणली.

म्हणजे कायदेशीर मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. बारा वर्षांची शिक्षा तीनवर आली हेच त्याचे गमक आहे. दोन लेखांसाठी बारा वर्षे हा प्रश्न अनेक कायदेपंडितांच्याही मनात होता. पण समोर पंचवीस मृतांची कुटुंबे होती. आणि जेमतेम पाच-सहा आठवड्यांपूर्वी, 30 डिसेंबर 2006 रोजी, एटाने माद्रिदच्या बाराखास विमानतळावर बाँबस्फोट घडवून दोन माणसांचा जीव घेतला होता. ढिगाऱ्यातून मृतदेह काढले जात असतानाची दृश्ये लोकांच्या डोळ्यांसमोरून अजून हलली नव्हती.

प्रसिद्धीची जागाही निर्दोष ठिकाण म्हणून वाचली जाणार नव्हती. बेर्रिया हे दैनिक 2003 मध्ये निघाले, कारण त्याआधीचे बास्क दैनिक एगुन्कारिया हे एटाशी संबंध असल्याच्या आरोपावरून न्यायालयीन आदेशाने बंद करण्यात आले होते. 2010 मध्ये त्या खटल्यातील सर्व आरोपी निर्दोष सुटले. पण 2007 मध्ये तो निकाल कोणाच्या हाती नव्हता, आणि माद्रिदमधील वाचकाला बेर्रिया हे नाव ऐकूनच लेखाचा पक्ष ठरल्यासारखा वाटला.

लेखापूर्वी कोणते पर्याय होते

लेखात हत्यांचे समर्थन नव्हते, ही गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण गदारोळात तीच प्रथम हरवली. तरीही लिहिण्यापूर्वी निदान तीन पर्याय उपलब्ध होते.

तोच प्रश्न दुसऱ्या उदाहरणाने विचारता आला असता. स्पेनच्या अलीकडच्या इतिहासात न्यायाच्या दोन मापांची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. एटाविरुद्ध बेकायदा हत्या आणि अपहरणे करणाऱ्या सरकारपुरस्कृत टोळ्यांच्या प्रकरणात माजी गृहमंत्री होसे बारिओनुएवो यांना 1998 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि काही महिन्यांतच ते तुरुंगाबाहेर आले. खुद्द एगुन्कारियाचा खटलाही होता. या उदाहरणांवर वाद झाला असता, पण वाचकाला पंचवीस खुनांच्या पलीकडे पाहण्याची विनंती करावी लागली नसती.

दुसरा पर्याय वेळेचा. विमानतळावरील स्फोटाच्या छायेत आणि उपोषण निर्णायक टप्प्यावर असताना हा विषय म्हणजे पेटती वात होती. काही महिने थांबले असते तर लेखाचा मुद्दा निदान वाचला गेला असता. मात्र येथे ओलेगेरची बाजूही मांडली पाहिजे: उपोषण करणारा माणूस मरू शकतो अशी स्थिती असताना ‘नंतर बोलू’ म्हणणे ही त्याला पळवाट वाटली असणे शक्य आहे.

तिसरा पर्याय म्हणजे लेखातच बळींविषयी स्पष्ट, संदिग्धता न ठेवणारी वाक्ये आधी लिहिणे. या तिन्हींपैकी मला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक वाटतो. वाचकाच्या मनातील पहिला आक्षेप लेखकाने स्वतः प्रथम मांडला नाही, की वाचक पुढचे काही वाचत नाही, आणि मथळे लिहिणाऱ्यांना तर पुढचे वाचण्याची गरजच उरत नाही.

पडसाद आणि क्लबची भूमिका

परिणाम काही दिवसांतच दिसले. त्याला बूट पुरवणाऱ्या स्पॅनिश कंपनीने करार मोडला. दुसऱ्या क्लबच्या एका खेळाडूने त्याच्याविषयी असे शब्द वापरले की ते येथे छापण्याजोगे नाहीत. बार्सिलोना दुसऱ्या शहरात खेळायला गेला, की चेंडू ओलेगेरच्या पायाशी आल्याबरोबर स्टँडमधून शिट्ट्या सुरू होत. चेंडू दुसऱ्याकडे गेला की थांबत, परत आला की पुन्हा सुरू. स्पेनमध्ये शिट्टी ही निषेधाची खूण आहे. ज्या खेळाडूकडे प्रेक्षकांचे एरवी लक्षही जात नसे, त्याचा प्रत्येक पास आता मोजला जाऊ लागला.

क्लबपुढे तीन वाटा होत्या: शिक्षा करणे, पाठराखण करणे किंवा मत खेळाडूचे वैयक्तिक आहे असे सांगून त्याच्या बोलण्याच्या हक्काला हात न लावणे. अध्यक्ष जोआन लापोर्ता हे स्वतः वकील आणि उघड कॅटलान राष्ट्रवादी; 2010 मध्ये ते स्वातंत्र्यवादी आघाडीकडून कॅटलान संसदेत निवडूनही गेले. त्यामुळे दुसऱ्या वाटेचा मोह त्यांना होऊ शकत होता, आणि पहिल्या वाटेसाठी बाहेरून दबाव होता. क्लबने तिसरी वाट धरली. शिस्तभंगाची कारवाई झाली नाही आणि रायकार्ड यांनी त्याला संघाबाहेरही बसवले नाही. जगभर चाहते असलेल्या क्लबने शिक्षा केली असती तर प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक मताचा हिशेब त्याला पुढे ठेवावा लागला असता. पाठराखण केली असती तर लेखातील प्रत्येक वाक्य क्लबचे ठरले असते. या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय मी यालाच म्हणेन, जरी तो कोणाच्याही टाळ्या न मिळवणारा होता.

ओलेगेरने लेख मागे घेतला नाही. मार्चच्या पहिल्या दिवशी दे हुआनाला सान सेबास्तियन येथील रुग्णालयात हलवण्यात आले आणि उपोषण संपले. तो ऑगस्ट 2008 मध्ये सुटला. त्यात एका फुटबॉलपटूच्या लेखाचा काही वाटा नव्हता.

कारकीर्द कशाने उतरली

‘राजकारणाने त्याची कारकीर्द संपवली’ असे एक सोपे विधान या प्रकरणाबद्दल नेहमी केले जाते. तारखा लावून पाहिल्या तर ते टिकत नाही. 2006 च्या उन्हाळ्यात, म्हणजे लेखाच्या कितीतरी आधी, बार्सिलोनाने युव्हेंटसमधून झांब्रोत्ता आणि तुराम या दोन अनुभवी बचावपटूंना आणले होते. 2007 मध्ये अबिदाल आणि गाब्रिएल मिलितो आले. त्या दोन हंगामांत संघ एकूणच घसरला: 2006-07 ची लीग रेआल माद्रिदशी 76 गुणांवर बरोबरी होऊन आपसांतील सामन्यांच्या निकषावर हातची गेली आणि पुढच्या वर्षी बार्सिलोना तिसऱ्या स्थानावर राहिला. 2008 मध्ये पेप ग्वार्दिओला प्रशिक्षक झाले. उजव्या बगलेसाठी दानी आल्वेस आणि मधल्या फळीसाठी जेरार्द पिके आले. रोनाल्दिन्यो आणि देकोसारखे मोठे खेळाडू निघाले, तेथे ओलेगेरसारख्याला जागा उरणे कठीणच होते. आल्वेससारखा बगलेवरून हल्ला चढवणारा खेळाडू आल्यावर त्याची जागा गेली, हे फुटबॉलचे साधे गणित होते.

त्या उन्हाळ्यात तो अॅम्स्टरडॅमच्या अयाक्सकडे गेला. तेथे 2010 मध्ये डच चषक जिंकणाऱ्या आणि 2011 मध्ये लीग जिंकणाऱ्या संघात तो होता, पण शेवटच्या हंगामात त्याला खेळायला फारसे मिळाले नाही. 2011 मध्ये करार संपल्यावर एकतिसाव्या वर्षी त्याने फुटबॉल सोडले. कॅटलान डाव्या स्वातंत्र्यवादी पक्षाला, सीयूपीला, त्याने नंतरही उघड पाठिंबा दिला.

लेखाने त्याच्या खेळाचे जे नुकसान झाले ते मोजता येण्यासारखे नाही. त्याच्या मुद्द्याचे झाले ते मात्र उघड आहे. कायदा सर्वांना समान आहे का, हा प्रश्न विचारणारा लेख ‘खेळाडूने दहशतवाद्याची बाजू घेतली’ या एका ओळीत गाडला गेला, आणि स्पॅनिश जनमानसात आजही तो तसाच आठवला जातो.

काय वेगळे करता आले असते

2005 चा निर्णय मी जसाच्या तसा ठेवेन. त्याची बाजू बळकट करणारे उदाहरण पुढे पिकेच्या रूपाने दिसले. कॅटलोनियाच्या लोकांना मत देऊ द्यावे अशी भूमिका घेणारा आणि तरीही स्पेनकडून विश्वचषक जिंकलेला पिके ऑक्टोबर 2017 मध्ये, कॅटलोनियाच्या स्वातंत्र्यावरील सार्वमताच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून बोलला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय संघाच्या लास रोझास येथील सरावात प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि 2018 च्या विश्वचषकानंतर तो त्या संघातून निवृत्त झाला. दोन्ही निष्ठा एकाच अंगावर वागवणे शक्य आहे, पण त्याचा हिशेब रोज द्यावा लागतो. ओलेगेरने तो एकदाच, बंद दाराआड दिला.

2007 च्या बाबतीत माझा आक्षेप मत मांडण्याला नाही, उदाहरणाला आणि सुरुवातीच्या वाक्यांना आहे. त्याच्याभोवती तेव्हा सल्लागार, संपादक आणि मित्र होते. यांच्यापैकी एकाने जरी मसुदा हाती घेऊन ‘बाराखासमध्ये मेलेल्या माणसांच्या घरच्यांनी हे वाचले तर कुठल्या ओळीवर थांबतील?’ एवढे विचारले असते, तरी लेख बहुधा वेगळ्या तऱ्हेने लिहिला गेला असता. बेर्रियाऐवजी माद्रिदच्या एखाद्या दैनिकाने तो छापला असता का, हा वेगळा प्रश्न आहे. पण जे आपल्याशी आधीच सहमत आहेत त्यांच्यासमोर तो मांडण्याने त्याला नवे वाचक मिळाले नाहीत, फक्त नवे विरोधक मिळाले. कंपनीच्या बाबतीतही धडा दोन्ही बाजूंना होता: ज्या खेळाडूचे विचार अनेक वर्षे सर्वांना ठाऊक होते, त्याच्याशी करार करताना त्या विचारांबद्दल आधी बोलणे झाले असते तर तो काही दिवसांत मोडावा लागला नसता.

29 जून 2008 रोजी व्हिएन्नात अरागोनेस यांच्या स्पेनने जर्मनीला 1-0 ने हरवून युरो चषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात सुरुवातीपासून खेळलेल्या अकरांपैकी चौघे कॅटलान होते: पुयोल, काप्देविला, फाब्रेगास आणि शावी. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तेरासाचा शावी ठरला. त्याच उन्हाळ्यात, त्याच्याहून आठ दिवसांनी लहान असलेला साबादेलचा बचावपटू अॅम्स्टरडॅमच्या क्लबशी तीन वर्षांचा करार करत होता.